वेशीत उभारून

बेळगावात वेशी पुष्कळ, दरवाजा मात्र एकाही वेशीला नाही. बोगारवेस आहे, गोवावेस आहे, काकतीवेस आहे. परगावच्या पाहुण्याला वाटतं, एवढ्या वेशी म्हणजे तट असणार, बुरूज असणार, गेला बाजार एखादी कमान तरी असणारच. तो रिक्षातून मान बाहेर काढून वेस शोधत राहतो आणि रिक्षावाला म्हणतो, "उतरा की, आली बोगारवेस." पाहुणा उतरतो. समोर संभाजी महाराजांचा पुतळा, कुठून कुठून येणारी वाहनं, बसची वाट बघणारी गर्दी. "अहो, पण वेस कुठंय?" रिक्षावाला सुट्टे पैसे मोजता मोजता सांगतो, "वेशीतच उभारलाय की तुम्ही."

उभारलाय. या शब्दावरून मी आयुष्यात बरंच ऐकून घेतलं आहे. पुण्याच्या आमच्या व्याह्यांना मी एकदा फोनवर म्हणालो, "स्वारगेटला उभारलोय." त्यांनी हसून विचारलं, "कितवा मजला झाला?" त्यांच्याकडे इमारत उभारतात, गुढी उभारतात, निधी उभारतात. माणूस उभा राहतो. आमच्याकडे कोल्हापूरपासून खाली बेळगावपर्यंत माणूससुद्धा उभारतोच. निपाणीच्या स्टँडवर उभारतो, रेशनच्या रांगेत उभारतो, पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या मागं दारात उभारतो. तेव्हा मी व्याह्यांना उत्तर दिलं नाही. पण बोगारवेशीत रोज संध्याकाळी तास-दीड तास काढल्यावर माझी खात्री होत चालली आहे, की शब्द आमचाच बरोबर आहे.

मी पोस्टातला माणूस. सगळी नोकरी सॉर्टिंगच्या खणांपुढं गेली, म्हणजे तीही उभारूनच. त्यामुळं गावाचा चेहरा मला आधी पत्त्यांतून कळला. एकाच जागी जाणारी पत्रं किती नावांनी यायची! म्हाताऱ्या माणसांच्या हातची कार्डं 'बोगारवेस' म्हणायची. मंडळांची आमंत्रणं 'धर्मवीर संभाजी चौक' असं पूर्ण, एकही अक्षर न खाता लिहायची. बंगळूरहून येणाऱ्या सरकारी लिफाफ्यांवर 'संभाजी सर्कल' असायचं. एकदा एका मुंबईकर आत्याबाईंनी नुसतं 'पुतळ्याजवळ, बेळगाव' लिहिलं होतं. गावात पुतळे काही एक नाही. तरी तेही पत्र पोचलं. 1972 च्या स्वातंत्र्यदिनापासून पिनकोड आला आणि 590001 लिहिलं की झालं, असं लोकांना वाटायला लागलं. पण आकड्यांनी गाव कळतं, माणूस कळत नाही. 'बोगारवेस' म्हणणारा साठीच्या पुढचा किंवा साठीच्या पुढच्यांच्या हाताखाली वाढलेला. 'संभाजी चौक' म्हणणाऱ्याच्या घरी गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं असणार. 'सर्कल' म्हणणारा बसचा कंडक्टर किंवा धारवाडकडून बदलून आलेला. तोंडातून चौकाचं नाव पडलं की निम्मी ओळख झाली. आडनाव नंतर विचारलं तरी चालतं.

बोगार म्हणजे तांब्यापितळेची भांडी करणारे-विकणारे, आपल्याकडं कासार म्हणतात तसे. आता त्या चौकात हंडा-कळशी घ्यायला कुणी गेलं तर मोबाईलचं कव्हर घेऊन परत येईल. गोवावेशीतून गोव्याचं काही दिसत नाही, काकतीवेशीतून काकती दिसत नाही. काकती म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेरगाव, आणि त्या राणीचा घोड्यावरचा पुतळा जिथं आहे तो चन्नम्मा सर्कल. कोर्ट-कचेरीची सगळी कामं त्याच बाजूला असल्यामुळं 1824 साली इंग्रजांशी लढलेल्या राणीच्या समोरून रोज शेकडो माणसं सात-बाराचा उतारा छातीशी धरून, तिच्याच इतक्या त्वेषानं जाताना दिसतात.

वेशींवर भागलं असतं तर बरं होतं. पण आमच्याकडं 'खूट' पण आहेत. शनिवार खूट, यंदे खूट. जिथं रस्ते एकमेकांना मिळतात ती जागा म्हणजे खूट. कानडीत 'कूट' म्हणजे एकत्र येणं, जमणं. मराठीत खुंट म्हणजे कोपरा आणि खुंटा म्हणजे गुरं बांधायची मेख. यातलं कुठलं खरं, ते भाषापंडितांनी ठरवावं. मी एवढंच बघितलं आहे, की शनिवार खुटावर माणसं जमतात आणि एकदा जमली की बांधल्यासारखी हलत नाहीत. म्हणजे दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो, या शब्दाचा लागू नये असं मला मनापासून वाटतं.

मग क्रॉस आहेत, कॉर्नर आहेत, टिळकवाडीतली पहिलं, दुसरं, तिसरं अशी रेल्वे गेटं आहेत (फाटक बंद असलं की तोही एक चौकच), आणि सर्कल तर विचारूच नका. गोगटे सर्कल, नाथ पै सर्कल, अशोक सर्कल. भूमितीच्या मास्तरांनी यातलं एकेक सर्कल येऊन मोजावं. काही त्रिकोण निघतील, काही चौकोन, एखादा नुसताच नागमोडी बोळ निघेल. पण नाव द्यायला आम्ही कधी हात आखडता घेतला नाही. शहापूरच्या नाथ पै सर्कलवरून जाताना मला नेहमी एक गंमत वाटते. बॅरिस्टर नाथ पैंच्या पत्नी ऑस्ट्रियाच्या. म्हणजे साड्यांची दुकानं आणि हातमागाच्या आठवणी असलेल्या आमच्या शहापुरातल्या एका वळणाचं सोयरपण थेट डॅन्यूबकाठी पोचतं. आणि नाथ पै गेले तेही बेळगावातच, 18 जानेवारी 1971 ला, आदल्या दिवशीची हुतात्मा दिनाची सभा करून.

हे सगळं मला आठवायला कारण झाला माझा भाचा. तो मूळचा शहापूरचा, आता म्युनिकला मोटारींच्या सुट्या भागांचं काहीतरी बघतो. काय बघतो ते मला तीनदा समजावून झालं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिकीट काढलं आणि मला तिकडं नेलं. सांबऱ्याच्या विमानतळावर बॅगेला चिठ्ठी लावली, तिच्यावर बेळगावासाठी अक्षरं होती 'आयएक्सजी'. रेल्वेवाले अजून 'बीजीएम' म्हणतात. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' झालं, त्याआधी इंग्रजांचं 'बेलगाम', कधीकाळी 'वेणुग्राम'. माझ्या बॅगेनं तेवढ्यात आणखी एक नाव मिळवलं, याचं मला सॉर्टिंगवाला म्हणून कौतुक वाटलं.

तर म्युनिक. पहिल्याच रविवारी भाचा म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला इथली बोगारवेस दाखवतो." मारिएनप्लाट्झ. प्लाट्झ म्हणजे जागा, मोकळी जागा. रेल्वेतली बसायची जागाही प्लाट्झच. मला ऐकू आलं 'प्लॉट'. टिळकवाडीत राहणाऱ्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार! आणि गेलो तर खरोखरच एवढा मोठा, मोक्याचा, शहराच्या ऐन मध्यावरचा प्लॉट, आणि त्यावर कुणी काहीही बांधलेलं नाही. आमच्याकडचा एखादा बिल्डर तिथं नुसता उभारला असता तरी त्याला रडू कोसळलं असतं. मधोमध एक खांब, वर सोन्यासारखी झळकणारी मेरीमातेची मूर्ती, 1638 साली बसवलेली. एका अंगाला नगरपालिकेची इमारत. नगरपालिका म्हणून सांगितलं नसतं तर मी चप्पल काढून आत गेलो असतो.

गाड्या नाहीत. एकही नाही. मी रस्ता ओलांडायच्या तयारीत भाच्याचा दंड धरला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, परत डावीकडं बघितलं. भाचा हसायला लागला. "मामा, इथं काय अंगावर येत नाही. 1972 ला ऑलिम्पिक झालं तेव्हापासून गाड्या बंद." 1972. आम्हाला पिनकोड मिळाला त्याच वर्षी त्यांना चालायला चौक मिळाला. रेल्वे मात्र आहे, पण जमिनीखाली. म्हणजे आमचं तिसरं गेट त्यांनी पुरून टाकलं आहे.

बरोबर अकराला सगळे एकदम थांबले आणि माना वर करून नगरपालिकेच्या मनोऱ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, कुणीतरी वर चढला असावा. घंटा वाजायला लागल्या, एकूण 43 आहेत म्हणे, आणि मनोऱ्याच्या दोन मजल्यांवर 32 माणसाएवढे पुतळे गोल फिरायला लागले. 1908 पासून हा खेळ चालू आहे. वरच्या मजल्यावर 1568 सालचं एका राजपुत्राचं लग्न लागतं. नवरा बव्हेरियाचा, नवरी लॉरेनची. लग्नानिमित्त दोन घोडेस्वार भाले रोखून एकमेकांवर येतात, आणि पडतो तो लॉरेनचा. रोज पडतो, उन्हाळ्यात तर दिवसातून तीनदा पडतो. मी भाच्याला म्हणालो, "एवढ्या सुधारलेल्या देशात वधूपक्ष अजून पडतोच आहे की रे!" खालच्या मजल्यावर पिंपं करणारे कारागीर नाचतात, शहरावर महामारी आली, माणसं भिऊन घरात बसली, तेव्हा त्यांना बाहेर काढायला ते रस्त्यात नाचले होते अशी कथा आहे. शेवटी वरचा सोनेरी कोंबडा तीनदा आरवतो आणि लोक आपापल्या कामाला लागतात. कोंबडा आरवल्यावर कामाला लागणं मला पटलं. अकरा वाजता का आरवतो ते पटलं नाही.

मी कारंज्याच्या काठावर बसलो. माशाचं कारंजं आहे, लोक एकमेकांना तिथंच भेटायची वेळ देतात. जसं आम्ही पुतळ्याजवळ देतो. हे शहर 1158 चं आणि चौक शहराएवढाच जुना. लगेच आमच्या किल्ल्यातली कमल बस्ती आठवली, 1204 ची. सेहेचाळीस वर्षांचं अंतर, म्हणजे आमच्या घरात थोरल्या काकांत आणि धाकट्या आत्येभावात असतं तेवढंच. या चौकाचं नावही आधी मारिएनप्लाट्झ नव्हतं. इथं धान्याचा बाजार भरायचा, म्हणून धान्यबाजाराचंच नाव होतं. बाजार हलला आणि 1854 ला नाव बदललं. वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे तिथंही कुणीतरी आजोबा 1860 सालापर्यंत 'बाजारात जाऊन येतो' म्हणूनच घराबाहेर पडत असणार आणि नातू त्यांना 'अहो, आता मारिएनप्लाट्झ म्हणायचं' असं सांगून दमला असणार. त्यांच्या पत्रांचं सॉर्टिंग करणाऱ्याला माझा नमस्कार सांगावासा वाटला.

पण तास झाला आणि मला चुळबूळ सुरू झाली. सगळं होतं. स्वच्छता, घंटा, कबुतरं, एक व्हायोलिनवाला. तरी काहीतरी राहून जात होतं. कुणी मला विचारत नव्हतं. बोगारवेशीत पाच मिनिटं उभारलं की तीन माणसं विचारतात, "काय ओ, कुठं जाऊलालाय?" कुठंही जात नसलो तरी विचारतात. 'चौकशी' या शब्दाचा चौकाशी काय संबंध, ते कोशकार जाणोत. आमच्या चौकात तो रोज सिद्ध होतो. मारिएनप्लाट्झमध्ये माणसं येतात ती बघायला येतात. चौक त्यांच्यासाठी शेकडो वर्षांपूर्वीच कुणीतरी उभारून ठेवला आहे. आमच्याकडं कुणी काही उभारलं नाही, म्हणून आम्हालाच जाऊन उभारावं लागतं.

घंटांच्या त्या खेळाला आमच्याकडं तोड नाही असं मात्र समजू नका. बेळगावची शिवजयंती जुन्या तिथीप्रमाणे वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक नरगुंदकर भावे चौकातून निघते. हे नरगुंदचे बाबासाहेब भावे. संस्थानिक असून 1858 ला इंग्रजांविरुद्ध उठले आणि बेळगावातच फासावर गेले. आता त्यांच्या नावाच्या चौकात दिवसभर "पन्नासला दोन, पन्नासला दोन" चालू असतं. त्या रात्री मात्र सगळं थांबतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर गड उभा असतो, थर्माकोलचा, आणि त्यावर गल्लीतलीच पोरं सजीव देखावा करतात. पुतळे यंत्रावर फिरवणं सोपं आहे. आमच्याकडं पावनखिंड दाखवायची तर गल्लीतल्या बाजीप्रभूला दर चौकात मरावं लागतं. हुतात्मा चौकात तो जीव तोडून लढतो, अंगावरच्या एकवीस जखमा मोजून घ्याव्यात असा. रामदेव गल्लीच्या वळणावर तोफांचे आवाज ऐकतो आणि मगच पडतो. यंदे खुटापर्यंत त्याचा घसा बसलेला असतो. बोगारवेशीत येईस्तोवर पहाटेचे दोन, गुडघे सोललेले. तो आधी हातानं जागा साफ करतो आणि मग धारातीर्थी पडतो. एका वर्षी पडल्या पडल्याच त्यानं डोळे किलकिले करून कडेला उभारलेल्या आपल्या आईला विचारलं होतं, "खाली चहा हाय काय?" म्युनिकच्या कुठल्या स्वारानं शंभर वर्षांत असं काही विचारलं असेल?

गणपतीचं तर काय सांगावं. बेळगावचा सार्वजनिक गणपती मार्केटातल्या झेंडा चौकात लोकमान्य टिळकांनी 1905 साली सुरू करून दिला. आता विसर्जनाची मिरवणूक निघते ती रात्र उलटून दुसरा दिवस उजाडला तरी कपिलतीर्थाकडं सरकतच असते. त्या दिवशी बोगारवेशीतही एकही गाडी नसते, अगदी मारिएनप्लाट्झसारखं. फरक इतकाच, की तिथं गाड्या नसल्या की शांतता असते.

रिसालदार गल्लीचं एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, तेव्हा आधी तिथं भाट्यांच्या घरी उतरले होते. शिकागोची परिषद अजून वर्षभर पुढं होती. यजमानांच्या दृष्टीनं ते एक तरुण बंगाली संन्यासी होते. जेवण झाल्यावर स्वामींनी पान-सुपारी मागितली, पुढं तंबाखूही. संन्याशानं पान मागावं याचा घरच्यांना धक्काच बसला, असं त्या घरातल्या मुलानं पुढं मोठेपणी लिहून ठेवलं आहे. मला धक्का बसत नाही. बेळगावात येऊन जेवण झालं आणि पान आठवलं नाही, तरच मी काळजीत पडेन. आमच्या प्रत्येक चौकाचा खरा मध्य म्हणजे पुतळा नव्हे, पानपट्टी. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो. पानपट्टीवर रोज सकाळपासून गावाच्या बातम्या येऊन पडतात, छापील पेपरच्या आधी.

बोगारवेशीला दिवसाच्या पाळ्या आहेत. पहाटे पेपरवाली पोरं फरशीवर मांडी घालून पुरवण्या आत सरकवतात. ती शटर उघडायच्या आत पांगतात. मग थाप्या-ओळंबे घेऊन गवंडी उभारतात, कामाला न्यायला कुणी येईल म्हणून. नऊपर्यंत ज्यांना कुणी नेलं नाही ते टोपी काढून परत घालतात आणि आणखी थोडा वेळ उभारतात. ते बघवत नाही. दहाला कॉलेजची पोरं. दुपारी पुतळ्याच्या सावलीत एक कुत्रं. आणि पाचनंतर आम्ही, म्हणजे पेन्शनीतली पोरं. आमचा चहा 'वन बाय टू'. दोघांत एक घेतला की साखर निम्मी होते, असं डॉक्टरांना सांगायला बरं पडतं. समोर एका दुकानाची पाटी आहे, कानडी, इंग्रजी आणि कोपऱ्यात मराठी. आतला मालक गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो आणि बायकोशी फोनवर मारवाडीत. पाटीवरच्या अक्षरांच्या उंचीवरून गावात अधूनमधून वातावरण तापतं. आमच्या घोळक्यातले एक निवृत्त कानडी मास्तर आणि मी त्या दिवशी चहाचे पैसे कोण देणार यावरून भांडतो. मास्तर चिडले की मराठीत बोलतात, मी चिडलो की कानडीत. चिडताना दुसऱ्याला नीट कळावं, एवढी काळजी आम्ही दोघंही घेतो.

रोजचा तासभर असाच जातो. वर्षातला एक दिवस मात्र वेगळा असतो, 17 जानेवारी. 1956 साली, मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात जाणार हे कळल्यावर लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं गेली. ज्या चौकाला त्यांची आठवण म्हणून हुतात्मा चौक म्हणतात, तिथं दरवर्षी सकाळी माणसं जमतात. पुष्पचक्र वाहतात, थोडी भाषणं होतात. माझे वडील मला न्यायचे. त्यांच्या खांद्याला माझं डोकं लागायला लागलं त्या वर्षी त्यांनी माझा हात सोडला. आता मी जातो तेव्हा आजूबाजूला माझ्याच वयाचे बरेच असतात. कुणी कुणाला 'कुठं जाऊलालाय' विचारत नाही. पाच-दहा मिनिटं सगळे नुसते उभारलेले असतात. मग एखादी दुचाकी हळूच कडेनं वाट काढते, तिच्यामागं दुसरी, आणि चौक परत रस्ता होतो.

निपाणीकरांनी तर याहून मोठा चौक केला होता, तोही बसून. 1981 च्या मार्चमध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या मागं शेतकरी आले आणि पुणे-बंगळूर महामार्गावर, निपाणीशी, बसले. बैलगाड्या, बायका-पोरं, चुली. आठवड्यामागून आठवडे. त्या वस्तीला आंदोलननगर नाव पडलं. 6 एप्रिलला गोळीबार झाला, त्यात शेतकरी बळी पडले. तेव्हा निपाणीच्या टपालाचा खोळंबा झाला होता, म्हणून मला ते दिवस पोस्टाच्या पोत्यांतून आठवतात. पण त्या पोत्यांत एक कार्ड होतं. निपाणीजवळच्या खेड्यातल्या एका बाईनं बेळगावातल्या बहिणीला लिहिलेलं. पत्ता पुसट झाल्यामुळं माझ्या हातात आलं. कार्ड उघडंच असतं, नजर जाते. पाठवणाऱ्याच्या जागी तिनं गाव लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'मुक्काम रस्त्यावर'. सॉर्टिंगच्या नोकरीत इतका अचूक पत्ता मी दुसरा बघितला नाही.

गेल्या डिसेंबरात भाचा सुट्टीवर आला. बारा दिवसांत अठरा घरी जेवणं आणि एक लग्न. त्या लग्नात मांडे होते. मांडा पानात वाढला की आधी मोडायचा की आधी तूप ओतायचं यावर दोन म्हाताऱ्यांचं वाजलं, तो सगळा प्रकार त्यानं मोबाईलवर उतरवून घेतला आहे, म्युनिकला दाखवायला. परतायच्या आदल्या दिवशी त्याला कुंदा न्यायचा होता. म्हटलं, सहाला भेटू. कुठं, ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन आला. "मामा, कुठं आहात? मी उभारलोय."

म्युनिकला ऑफिसातल्या पुणेकर मुलीशी बोलताना हाच पोरगा 'मी उभा आहे' म्हणतो, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

गेलो. पानपट्टीच्या अलीकडं, दिव्याच्या खांबाला टेकून उभारला होता. बारीक पाऊस सुरू झाला. डिसेंबरात पाऊस, पण बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात तर थोडं महाबळेश्वरासारखं वागावं लागतं. आम्ही पानपट्टीच्या पत्र्याखाली सरकलो. मास्तर आधीच होते. भाच्यानं मोजायला सुरुवात केली, इथं रस्ते किती येऊन मिळतात ते. मीही पूर्वी दोनदा मोजले आहेत. एकदा पाच आले, एकदा सहा. त्याचे मोजून व्हायच्या आत समोरून एक माणूस आला, हातात पिशवी, पिशवीवर हुबळीच्या दुकानाचं नाव. त्यानं कानडीत विचारलं, संभाजी चौक कुठं आला?

"हाच की," मी कानडीत म्हणालो.

तो संशयानं इकडंतिकडं बघायला लागला. पलीकडचा रिक्षावाला तेवढ्यात ओरडत होता, "बोगारवेस, बोगारवेस, कोण उतरणार?" पाहुण्यानं ते नीट ऐकलं. हातातला कागद पुन्हा वाचला.

"नाही, ही बोगारवेस आहे," तो मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "मला संभाजी चौकात जायचंय."

मास्तर म्हणाले, "ह्योच तो." भाचा म्हणाला, "सर्कल म्हणतात बघा त्यालाच." पाहुण्यानं आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं, पावसातून डोक्यावर पिशवी धरली आणि चौक ओलांडून पलीकडच्या फुलवालीला विचारायला गेला.